सोलापूरच्या आकाशातला सरकता ठिपका

करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथे आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला यांचाही तळ जेऊरलाच होता. सोलापूर जिल्ह्याच्या आकाशाचे फोटो जगाच्या कामी आले, ते असे सव्वाशे वर्षांपूर्वी. त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये गुस्ताव विट यांनी दोन तास प्रकाश दिलेल्या काचेवर एक रेघ पाहिली. तारे ठिपक्यांसारखे उमटले होते, पण ही वस्तू तेवढ्या वेळात सरकली होती. तो इरॉस, म्हणजे सापडलेला पहिला पृथ्वीनिकट लघुग्रह.

आज अशा ४० हजारांहून जास्त लघुग्रहांची नोंद आहे. सूर्याभोवती फिरताना जो सूर्यापासून १.३ खगोलीय एककांच्या आत येतो, तो पृथ्वीनिकट. त्यांचा शोध बहुतेक करून ॲरिझोना, हवाई, चिली अशा ठिकाणच्या मोठ्या स्वयंचलित दुर्बिणी लावतात. मग सोलापूरच्या हौशी निरीक्षकाने काय करायचे? माझ्या मते, करण्यासारखे खरे काम शोध लागल्यानंतरच सुरू होते. एका रात्रीच्या चार-पाच नोंदींवरून कक्षा नीट ठरत नाही. पुढच्या काही तासांत कोणी पुन्हा वेध घेतला नाही, तर ती वस्तू हरवू शकते. ॲरिझोनात सकाळचे सहा वाजून तिथल्या दुर्बिणी मिटतात, तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिथली रात्र संपते आणि आपली सुरू होते, त्यामुळे आपल्या रेखांशावरच्या नोंदीला मोल आहे.

सुरुवात यादीपासून करायची. अमेरिकेतील केंब्रिजचे मायनर प्लॅनेट सेंटर पुष्टीची वाट पाहणाऱ्या वस्तूंची यादी सतत प्रसिद्ध करते. आपल्या जागेचे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दिली की कोणत्या क्षणी वस्तू कुठे असेल, किती तेजस्वी असेल, किती वेगाने सरकेल, हे मिळते. यादीतल्या पुष्कळ वस्तू २० किंवा त्याहून मंद प्रतीच्या असतात (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितके तेज कमी). दहा इंची दुर्बिणीने त्यांच्या मागे लागण्यात रात्र वाया जाते. १८-१९ प्रतीच्या निवडाव्यात. जागेची अचूकता इथे महत्त्वाची आहे, कारण चंद्राइतक्या अंतरावरची वस्तू सोलापूर आणि लडाखमधील हानले, म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणांहून पाहिली, तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ १५ कला सरकलेली दिसते. हे पूर्ण चंद्रबिंबाच्या निम्मे झाले.

आता कॅमेरा किती वेळ उघडा ठेवायचा ते पाहू. समजा लघुग्रह मिनिटाला ६ विकला सरकतो आहे आणि हवेच्या हालचालीमुळे ताऱ्याचा ठिपका ३ विकलांचा दिसतो आहे. तीस सेकंदांत लघुग्रह तेवढेच अंतर तोडतो. त्याहून लांब एक्स्पोजर दिले तर त्याचा प्रकाश पुढच्या पिक्सेलांवर पसरतो, आकाशाचा उजेड मात्र सगळीकडे वाढत राहतो. म्हणून तीस-तीस सेकंदांच्या साठ फ्रेम घ्यायच्या. त्यांपैकी कोणत्याही एका फ्रेमवर बहुधा काहीच दिसत नाही.

लघुग्रह दिसू लागतो तो पुढच्या पायरीला. ॲस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर यांसारख्या सॉफ्टवेअरला त्याचा अपेक्षित वेग आणि दिशा सांगितली की ते प्रत्येक फ्रेम तेवढीच मागे सरकवून एकावर एक ठेवते. तारे लांबून रेघा होतात आणि लघुग्रहाचा प्रकाश एका जागी साठतो. साठ फ्रेममध्ये हा प्रकाश साठपट होतो, पण गोंगाट साठच्या वर्गमुळाइतका, म्हणजे आठपटीच्या आतच वाढतो. प्रतींच्या भाषेत हा फायदा दोनहून थोडा अधिक. एका फ्रेममध्ये १७ प्रतीपर्यंत पोहोचणारी दुर्बीण अशी १९ पर्यंत जाते. भिंगाचा व्यास न वाढवता, केवळ गणिताने मिळालेली ही नजर मला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटते.

वस्तू फार जवळ आणि फार वेगात असेल, तर रेघ टळत नाही. १६ ऑगस्ट २०२० रोजी २०२० क्यूजी हा काही मीटरचा लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने गेला. पॅलोमारच्या दुर्बिणीने टिपलेली त्याची रेघ मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्याने प्रतिमा चाळताना ओळखली होती.

ठिपका दिसला की मोजमाप. फ्रेममधल्या ताऱ्यांची स्थाने गाया उपग्रहाच्या यादीशी जुळवून लघुग्रहाचे विषुवांश आणि क्रांती काढतात. त्यांच्याबरोबर एक्स्पोजरच्या मध्यक्षणाची जागतिक वेळ लिहितात, तीही दिवसाच्या अपूर्णांकात. दिवसाचा एक लक्षांश म्हणजे ०.८६ सेकंद. सेकंदाला एक विकला धावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत घड्याळ एक सेकंद चुकले, तर स्थान पूर्ण एक विकलेने चुकते. म्हणून लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबू नये, ते इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून जुळवून घ्यावे. फोटो फिका असला तरी चालतो, वेळ चुकीची असेल तर नोंद निरुपयोगी ठरते.

या नोंदींनी काय होते ते २०२४ वायआर४ च्या वेळी दिसले. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेला हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होते. लोक घाबरले, पण शक्यता वाढणे हा मोजमाप सुधारत असल्याचाच परिणाम होता. अनिश्चिततेचा पट्टा आखडत होता आणि पृथ्वी अजून त्याच्या आत होती, म्हणून तिचा वाटा मोठा दिसत होता. आणखी नोंदी आल्या, पट्ट्याचे टोक पृथ्वीवरून सरकले आणि काही दिवसांतच आकडा जवळजवळ शून्यावर आला.

सोलापुरात जून ते सप्टेंबर ढगांचे. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळे असते, पण कॅमेरा हवेपेक्षा ३०-३५ अंशच थंड होऊ शकतो. रात्री हवा ३० अंशांवर असेल तर सेन्सर शून्याच्या फारसा खाली जात नाही आणि गोंगाट वाढतो. त्यामुळे त्याच तापमानाच्या डार्क फ्रेम, म्हणजे दुर्बिणीवर झाकण ठेवून काढलेल्या फ्रेम, घेणे चुकवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. शहराच्या दिव्यांपासून दूर, बार्शी, करमाळा किंवा मंगळवेढ्याकडच्या रानात बसावे आणि दवापासून आरसा जपावा.

नोंदी पाठवायला वेधशाळेचा तीन अक्षरी संकेत लागतो. तो मिळवण्यासाठी आधी क्रमांक मिळालेल्या, कक्षा पक्की असलेल्या काही लघुग्रहांचे वेध किमान दोन रात्री घेऊन पाठवायचे असतात. त्यांची खरी स्थाने ठाऊक असल्यामुळे आपली चूक लगेच कळते, आणि ती एका विकलेच्या आत यायला हवी. सरावासाठी १६-१७ प्रतीचे, मंद गतीचे लघुग्रह घ्यावेत. दहा इंची दुर्बिणीला ते साठ फ्रेम न घेताही दिसतात.