मदतकचेरीस टेलिफोनची पेटी कां हवी

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. सन 2019 च्या उन्हाळ्यांत येथें शेकडों चारा-छावण्या चालल्या. अशा वेळीं आष्टी व परळी येथून टँकरची मागणी एकाच लाइनीवर आली, तर एकाचें बोलणें संपेपर्यंत दुसऱ्यास खोळंबावें लागतें. मोबाईल माणसाबरोबर जातो. कचेरीचा नंबर मात्र जागेवर राहतो, म्हणून गांवकऱ्यांस तोच भरंवशाचा.

यावर उपाय म्हणजे कचेरीपुरतें लहान एक्स्चेंज. यास ईपीएबीएक्स म्हणतात. बाहेरच्या दोन लाइनी व आंतील आठ टेलिफोन या पेटीस जोडले, म्हणजे धान्याच्या मेजावरून चाऱ्याच्या मेजाशीं बोलतांना बाहेरची लाइन अडत नाहीं, आणि आलेला निरोप योग्य मेजाकडे वळवितां येतो. वीज गेली कीं पेटी बंद पडते. यास्तव बॅटरी हवी. वळवाच्या विजेपासून रक्षणार्थ लाइनीवर संरक्षक व चांगलें अर्थिंगही हवें. यांत काटकसर करूं नये.

हा खर्च धान्याच्या खर्चाहून निराळा नव्हे. निरोप चुकला तर भरलेला टँकरही भलत्या गांवीं जातो. तरी व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांनीं या कामींही सढळ हातानें साह्य करावें, अशी आमची नम्र विनंति आहे.