दिल्या घरीं खेळणारे

पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्या घरांत दोनच माणसें उठलेलीं असतात. एक आमच्या आत्याबाई. यजमान वारल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. त्यांना नुकतेंच अठ्ठ्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. परंतु अंथरुणांत असतांना सूर्य उगवणें हें त्यांच्या मतें दारिद्र्याचें लक्षण असल्यामुळें त्यांचा पहाटेचा नेम अद्याप चुकलेला नाहीं. दुसरा आमचा धाकटा पुतण्या. हा गृहस्थ भूपाळी म्हणण्यासाठीं उठतो असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. अकरा वर्षें बॉस्टन शहरीं राहून तो गेल्या जुलै महिन्यांत रजेवर घरीं आला, तेव्हां त्याचें शरीर पुण्यास पोहोंचलें तरी चित्त तिकडील मैदानावरच राहिलें होतें. उन्हाळ्यांत बॉस्टनला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हां आपल्याकडे पहाटेचे साडेचार होतात, आणि नेमके त्याच सुमारास तेथील बेसबॉलचे सामने सुरू होतात. त्यामुळें माजघरांत समईच्या उजेडांत आत्याबाईंची जपमाळ आणि शेजारींच फोनच्या उजेडांत चिरंजिवांचा सामना, असा दुहेरी नित्यक्रम महिनाभर चालला. आत्याबाईंचे प्रश्न आणि पुतण्याचीं उत्तरें पांघरुणांतून ऐकणारा तिसरा श्रोता मी.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. बेसबॉल हा क्रिकेटचा चुलतभाऊ. फार वर्षांपूर्वीं घर सोडून गेल्यामुळें त्याच्या वळणांत फरक पडला आहे इतकेंच. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ, आणि प्रत्येकाचे नऊ डाव. ६० फूट ६ इंचांवरून पिचर चेंडू टाकतो. फलंदाजानें तो गोल दांडक्यानें टोलवावयाचा आणि चौकोनाच्या तीन ठाण्यांना शिवून चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे घरीं, परत यावयाचें. दहा प्रयत्नांत तीन वेळां ज्याचा टोला लागू पडतो तो नामांकित फलंदाज गणला जातो. शेंकडा तीस गुणांना पहिला वर्ग देणारें विद्यापीठ आमच्या लहानपणीं असतें तर या लेखाचा लेखक आज कोठल्या कोठें असता! वरिष्ठ लीगमध्यें तीस संघ आहेत, आणि प्रत्येक संघ एका हंगामांत १६२ सामने खेळतो.

परंतु सामने हें केवळ निमित्त. खरा रस आहे तो खेळाडूंच्या देवघेवींत. 'ट्रेड' म्हणजे अदलाबदल. एका संघानें आपला खेळाडू दुसऱ्यास देऊन त्याचा घ्यावयाचा. जुलैअखेर या व्यवहारांची मुदत संपते, आणि त्या आठवड्यांत तिकडील प्रत्येक रसिक मनांतल्या मनांत संघाचा कारभारी होतो. आमच्या पुतण्यानें चहा होईपर्यंत तीन पिचर विकून एक फलंदाज विकत घेतलेला असे, आणि पोहे येईपर्यंत तोही त्याच्या मनांतून उतरलेला असे. या व्यवहारांत एक गमतीचें कलम असतें: 'एक खेळाडू, ज्याचें नांव मागाहून कळवूं.' याला सहा महिन्यांची मुदत मिळते. लग्नाच्या बैठकींत "उरलेलें काय तें मागाहून पाहूं" असें म्हणून उठणाऱ्या वरपित्यांची आठवण होऊन मला पांघरुणांत हसूं आवरेना.

बॉस्टनच्या रसिकांना या बाबतींत पिढीजात दुःख आहे. १९१८ पर्यंत त्यांच्या रेड सॉक्स संघानें पांच वेळां जगज्जेतेपद मिळविलें होतें. त्या संघांत बेब रूथ नांवाचा एक दांडगा तरुण होता. संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांना नाटकांचा नाद! नाटक मंडळी काढून वाडे गहाण टाकणारे सद्गृहस्थ आपल्याकडे कमी झाले नाहींत, तेव्हां पुढची गोष्ट मराठी वाचकाला फोडून सांगावयास नको. १९१९ च्या डिसेंबरांत फ्रेझींनीं रूथला एक लाख डॉलरांस न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकलें, आणि वर तीन लाखांचें कर्ज घेतांना बॉस्टनचें मैदानच तारण ठेवलें. रूथनें १९२० च्या एका हंगामांत ५४ वेळां चेंडू सीमेपार धाडला. त्यापूर्वीं एकदांही अजिंक्य न ठरलेले यांकीज १९२३ मध्यें अजिंक्य झाले, आणि बॉस्टनच्या नशिबीं जें दशाफळ आलें तें २००४ पर्यंत सरलें नाहीं. मध्यंतरीं १९८६ च्या अंतिम मालिकेंत विजय हातातोंडाशीं आला असतां एक सरपटी चेंडू बिल बकनर या क्षेत्ररक्षकाच्या दोन्हीं पायांमधून निघून गेला. बॉस्टनच्या कित्येक घरांत आजोबांनीं नातवाला वडिलोपार्जित म्हणून एवढेंच एक दुःख दिलें.

२००४ ची मजा अशी कीं, त्या वर्षीं जुलैच्या शेवटच्या दिवशीं संघानें आपला लाडका खेळाडू नोमार गार्सियापारा यालाच शिकागोस देऊन टाकलें. गांवांत सुतक पडल्यासारखें झालें. त्याच दिवशीं डेव्ह रॉबर्ट्स नांवाचा एक चपळ धांवपटू लॉस एंजेलीसहून घेतला गेला, तिकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. ऑक्टोबरांत यांकीजविरुद्ध सलग तीन सामने हरल्यावर चौथ्या सामन्याच्या नवव्या डावांत या रॉबर्ट्सनें दुसरें ठाणें 'चोरलें'. पिचर चेंडू टाकीत असतां त्याची नजर चुकवून पुढच्या ठाण्यावर धांवत जाणें याला या खेळांत चोरी म्हणतात, आणि ती कायदेशीर आहे. त्या एका चोरीनें ८६ वर्षांचा शाप उतरला असें बॉस्टनकर मानतात. बॉस्टन जगज्जेतें झालें, मिरवणूक निघाली, आणि डिसेंबरांत रॉबर्ट्सला सॅन डिएगोस देऊन टाकण्यांत आलें.

"अगोबाई! आणि तोरण बांधणाऱ्यालाच घराबाहेर काढलें?" आत्याबाईंनीं माळ थांबवून विचारलें.

"आत्याआजी, तो व्यवहार असतो," पुतण्या म्हणाला, आणि त्यानें आपल्या पोतडींतून एकाहून एक चमत्कारिक व्यवहार बाहेर काढले.

१९२२ सालीं शिकागो आणि सेंट लुईस यांचे एकाच दिवशीं दोन सामने होते. मधल्या सुटींत मॅक्स फ्लॅक आणि क्लिफ हीथकोट यांची अदलाबदल झाली; सकाळीं एकमेकांविरुद्ध खेळलेले हे दोघे दुपारीं पक्ष बदलून पुन्हां एकमेकांविरुद्धच खेळले. १९६० मध्यें क्लीव्हलंड आणि डेट्रॉईट यांनीं आपले मॅनेजरच बदलून घेतले. १९४८ मध्यें ब्रुकलिनच्या संघाला धांवतें वर्णन करणारा एर्नी हारवेल हवा होता; अटलांटाच्या संघानें तो दिला, पण बदल्यांत एक कॅचर मागून घेतला. कीर्तनकार घेऊन पखवाजी दिला म्हणावयाचें! १९६२ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें क्लीव्हलंडकडून हॅरी चिटी हा कॅचर घेतला. मोबदला तोच, 'नांव मागाहून कळवूं.' दोन महिन्यांत कळविलेलें नांव हॅरी चिटी हेंच होतें! माणूस स्वतःच्याच बदल्यांत परत गेला. त्या वर्षीं मेट्स १२० सामने हरले, तेव्हां त्यांचा हिशेबही त्याच दर्जाचा असल्यास नवल नाहीं.

सर्वांत मौज १९३१ सालची. चॅटनूगा येथील संघाचे चालक जो एंगल यांनीं आपला एक खेळाडू शार्लटच्या संघाला देऊन त्याच्या बदल्यांत टर्की जातीचा एक कोंबडा घेतला, आणि तो शिजवून वृत्तपत्रांच्या बातमीदारांना मेजवानी दिली. यावर आत्याबाईंनीं दोन वेळां रामनाम घेतलें. परंतु याच एंगलसाहेबांनीं त्याच वर्षीं जॅकी मिचेल या सतरा वर्षांच्या मुलीस पिचर म्हणून मैदानांत उतरविलें आणि तिनें बेब रूथ व लू गेरिग या दोघां महारथींना ओळीनें बाद केलें, हें ऐकून त्यांनीं कोंबड्याबद्दल अर्धी क्षमा केली.

मग जोएल यंगब्लडची गोष्ट निघाली. ४ ऑगस्ट १९८२ रोजीं दुपारीं हा शिकागोच्या मैदानावर मेट्सतर्फे खेळत होता. चांगला टोला मारून दोन धांवा त्यानें मिळवून दिल्या होत्या. इतक्यांत त्याला बोलावून सांगण्यांत आलें कीं, तुला माँट्रियलला दिलें आहे आणि ते लोक आज रात्रीं फिलाडेल्फियांत खेळत आहेत. तो निघाला, वाटेंत आठवलें कीं हातमोजा मागेंच राहिला, परत जाऊन तो घेतला, कसेंबसें विमान गांठलें, सामना अर्धा झाला असतां पोहोंचला, आणि नवा गणवेष चढवून तेथेंही त्यानें एक टोला लगावला. एका दिवसांत दोन गांवीं दोन संघांसाठीं टोले मारणारा हा एकमेव खेळाडू.

मी पांघरुणांत हसत होतों. पुतण्याही हसत होता. आत्याबाई हसल्या नाहींत.

"अरे, पण त्या मुलाला कोणी विचारलें होतें का?"

"विचारायचें काय त्यांत, आत्याआजी?"

"तेंच म्हणत्यें मी. पंचावन्न सालीं मला तरी कोणी विचारलें? सकाळीं माहेरीं परकर-पोलक्यांतल्या भावंडांना वेणीफणी केली आणि संध्याकाळीं सासरीं पंगतींत तूप वाढायला उभी राहिलें. नांव सुद्धां बदललें माझें. आठ दिवस कोणी हांक मारली तरी वळून बघायचें माझ्या लक्षांतच येत नसे. सासूबाई म्हणाल्या, मुलीला कमी ऐकूं येतें कीं काय!"

पुतण्या गप्प झाला. मग त्यानें कर्ट फ्लडची हकीकत सांगितली. हा सेंट लुईसच्या संघांत बारा वर्षें खेळलेला नामांकित क्षेत्ररक्षक. १९६९ च्या ऑक्टोबरांत त्याला फिलाडेल्फियास दिल्याचें कळविण्यांत आलें. तेव्हां नियम असा होता कीं, करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. खेळावयाचें तर धन्याच्या मर्जीनें, नाहींतर घरीं बसावयाचें. फ्लडनें २४ डिसेंबर १९६९ रोजीं लीगच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून कळविलें कीं, विकण्या-घेण्याची वस्तु म्हणून वागविलें जाणें मला मान्य नाहीं. तो कृष्णवर्णीय होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या शब्दांचें वजन कळतें. तो न्यायालयांत गेला. १९७० चा सबंध हंगाम घरीं बसला. आणि १९७२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध तीन मतांनीं हरला. १९७५ मध्यें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारींत लवादानें तो जुना नियम मोडून काढला, आणि पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या. दहा वर्षें खेळलेल्या व त्यांपैकीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूस आतां नकार देण्याचा हक्क आहे. फ्लडच्या नांवाचा कायदा १९९८ सालीं झाला. तो स्वतः आदल्या वर्षींच वारला होता.

ही झाली वरिष्ठांची कथा. त्यांच्याखालीं मायनर लीगच्या पायऱ्या आहेत, आणि आमच्या पुतण्याचा जीव खरा रमतो तो तेथें. आपल्याकडील नाटक मंडळ्या जशा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हालवीत, तसे हे संघ रात्ररात्र बसमधून लहान गांवें पालथीं घालतात. २०२१ पासून वरिष्ठांशीं जोडलेले असे १२० संघ आहेत. त्यांचीं नांवें ऐकून बारशाला बसलेल्या आत्याही लाजतील: टोलेडोच्या 'चिखलकोंबड्या', मोंटगोमेरीचीं 'बिस्किटें', जॅक्सनव्हिलचे 'जंबो झिंगे'. नांवें विनोदी, पण पोट विनोदावर भरत नाहीं. सर्वांत वरच्या पायरीवरील खेळाडूचा किमान वार्षिक पगार २०२२ पर्यंत १७,५०० डॉलर होता. संघटना झाल्यावर २०२३ पासून तो ३५,८०० झाला.

याच पायरीवर १९८१ मध्यें पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा सामना १८ एप्रिलच्या संध्याकाळीं सुरू झाला तो संपेना. बरोबरी सुटल्याशिवाय सामना संपवावयाचा नाहीं असा या खेळाचा शिरस्ता. थंडी अशी कीं खेळाडूंनीं मोडक्या बॅटी पेटवून शेकोटी केली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनीं, बत्तीस डाव झाल्यावर, सामना थांबविला. तेव्हां एकोणीस प्रेक्षक उरले होते. लुईस अपोंटे या पिचरला मध्येंच घरीं पाठविलें, तर "मी मैदानावर होतों" या सांगण्यावर त्याच्या बायकोचा विश्वास बसेना. ("बसायचा कसा?" आत्याबाई.) २३ जूनला सामना पुढें सुरू झाला आणि अठरा मिनिटांत संपला. त्या रात्रीं खेळलेले केल रिपकन आणि वेड बॉग्ज पुढें कीर्तिवंत झाले. विजयी टोला मारणाऱ्या डेव्ह कोझाला मात्र वरिष्ठ लीगचें दार कधींच उघडलें नाहीं. तिकडे जाणारे थोडे, वाटेंत राहणारे फार. आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशांतील दोन भालाफेके एका स्पर्धेंतून निवडले जाऊन २००९ मध्यें पिट्सबर्गच्या मायनर संघांत खेळले, तेही वाटेंतच राहिले.

शेवटची गोष्ट पुतण्यानें आढेवेढे घेत सांगितली. जॉन ओडम हा पिचर मायनर लीगच्याही बाहेरच्या एका लहान लीगमध्यें येऊन पोहोंचला होता. २००८ च्या मे महिन्यांत कॅलगरीच्या संघानें त्याला टेक्सासमधील लरेडोच्या संघास दिलें; मोबदला, मेपल लांकडाच्या दहा बॅटी. बातमी देशभर पसरली. प्रथम तोही हसला. पण जेथें जाईल तेथें प्रेक्षक 'बॅटमॅन, बॅटमॅन' म्हणून ओरडूं लागले. तीन आठवड्यांत तो संघ सोडून गेला. नोव्हेंबरांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनानें तो मरण पावला. वय सव्वीस. त्या ओरडण्यानेंच हें झालें असें कोण म्हणूं शकेल? त्या दहा बॅटी मात्र नवलाईच्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या एका संस्थेनें दहा हजार डॉलरांस विकत घेतल्या.

"काका, त्या वेळीं मी इथेंच कॉलेजांत होतों," पुतण्या माझ्या पांघरुणाकडे पाहून म्हणाला, "बातमी वाचून आम्ही दोन दिवस हसत होतों."

मला काय उत्तर द्यावें सुचेना. २०२३ मध्यें हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईस परत दिला गेला आणि २०२४ मध्यें वानखेडे मैदानावर त्याची हुर्रेवडी उडाली, तेव्हां तिला घरबसल्या साथ देणाऱ्यांत मीही होतों; आणि आत्याबाई तेव्हांही तेथेंच माळ ओढीत बसल्या होत्या.

जुलैची मुदत संपली त्या पहाटे पुतण्या पुन्हां फोन घेऊन बसला. त्याच्या संघानें कोणी वीस-बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या गांवीं देऊन टाकला होता. बदल्यांत आलेल्या पिचरचे आंकडे तो मला वाचून दाखवूं लागला.

"तें राहूं दे," आत्याबाई म्हणाल्या, "तो मुलगा हातमोजा विसरला नाहीं ना, तेवढें बघ."