लाखाच्या आतले बेघर

शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं सरकारी माप साधं आहे. एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांची कायमची सोय, आणि माणशी ५० चौरस फूट जागा. हे माप न्यायालयातून आलं. अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता, दिल्लीत थंडीने माणसं मरत होती, तेव्हा २०१० साली न्यायालयाने लाखामागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असा दंडक घातला. तो पाच लाखांवरच्या शहरांपुरता होता. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि जिल्ह्याची ठिकाणं व लाखावरची शहरं त्यात आली. २०१६ मध्ये सगळ्याच नगरपालिकांना दार उघडलं. माप मात्र लाखाचंच राहिलं.

आता पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे या. पुणे-नगर रस्त्यावर घोड नदीकाठी शिरूर, जुन्यांच्या तोंडी घोडनदी. आणि भीमेकाठी दौंड, सोलापूरची आणि मनमाडची गाडी जिथे वाट बदलते ते जंक्शन. दोन्ही ठिकाणी नगरपरिषद आहे आणि २०११ च्या जनगणनेत दोन्ही गावं पन्नास हजारांच्या आत होती. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला अर्धाही निवारा येत नाही. अर्ध्या निवाऱ्याचा प्रस्ताव घेऊन एखादा मुख्याधिकारी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवील, असं मला वाटत नाही.

पण बेघर माणूस लोकसंख्येच्या प्रमाणात येत नसतो, तो कामाच्या प्रमाणात येतो. या दोन तालुक्यांत काम भरपूर आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने, वीटभट्ट्या, भीमा-पाटस, आलेगाव, न्हावरे इथले साखर कारखाने, केडगावच्या बाजूची गुऱ्हाळं. नगरपरिषदेची हद्द या कामाच्या एका कोपऱ्यात आहे. म्हणून इथल्या निवाऱ्याचा प्रश्न शहराचा धरला तर शहर लहान पडतं, आणि गावाचा धरला तर ग्रामपंचायतीकडे तो सोडवायचं ना खातं, ना पैसा.

बेघरांची जनगणना एकाच रात्री होते. मागची २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली. देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसं बेघर भरली. रस्त्याकडेला, पदपथावर, ह्यूम पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, फलाटावर झोपणारे यात धरले जातात. साखरपट्ट्यात फेब्रुवारी म्हणजे भर हंगाम. बीड, आष्टी, पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तेव्हा भीमेच्या आणि घोडच्या काठाने फडाफडांत उतरलेल्या असतात. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं? गावाकडे त्यांचं कुलूप लावलेलं घर आहे, इथे कोपी आहे. कोपीला छप्पर आहे म्हणावं तर बेघर नाहीत. तिला घर म्हणायला मात्र जीभ धजत नाही.

ही कोपी जवळून पाहण्यासारखी असते. बांबूच्या चिवाट्या वाकवून कमान करायची, वरून चटई किंवा उसाचं पाचट, त्यावर ताडपत्री किंवा खताच्या गोण्या शिवून केलेलं आच्छादन. वाकूनच आत जायचं. एका अंगाला पत्र्याची पेटी, धान्याचं पोतं आणि गोधड्या, दुसऱ्या अंगाला लेकरं. चूल बाहेर, तीन दगडांची. जवळच बैलं, त्यांच्यापुढे वाढ्यांचा भारा. पाणी कुणाच्या तरी विहिरीवरून नाहीतर टँकरवरून प्लास्टिकच्या ड्रमात. संडास नाही, न्हाणी म्हणजे चार काठ्यांना बांधलेलं लुगडं. पहाटे तीन-चारला बाई उठते, भाकऱ्या थापते आणि नवऱ्याबरोबर फडात जाते. हिशेबात ती वेगळी नाहीच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मुकादमाची उचल कोयत्यावर. अवकाळी पाऊस आला की टोळीची रात्र कोपीतून पाणी उपसण्यात जाते.

ऊसतोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. संप झाले, बैठका झाल्या, हे सगळं रीतसर वर्तमानपत्रांत आलं. निवाऱ्याची अट कराराच्या केंद्रस्थानी कधी आलेली दिसत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कामगारांना राहायला योग्य जागा देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. पण नावातच आंतरराज्य. बीडहून दौंडला आलेला माणूस दोनशे किलोमीटरचा प्रवास करूनही राज्यातच राहतो, म्हणून त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित ठरलाच नाही. कारखान्याला विचारलं तर तो म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, जागा शेतकऱ्याची. शेतकरी म्हणतो, ऊस गेला की जातील.

तात्पुरत्या निवाऱ्याचा एक मोठा प्रयोग मात्र याच दौंड तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला, आणि त्याची आठवण निवाऱ्याच्या चर्चेत कुणी काढत नाही. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलवलं. सदनाला उत्पन्न असावं म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला आणि आश्रमात माणसं वाढवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. शहराने हात वर केल्यावर रमाबाईंनी या सगळ्या जणींना केडगावच्या शेतात नेलं. आधी राहुट्या आणि झोपड्या, मग पक्की बांधकामं. विहिरी खोदल्या. शाळा, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण असं एकेक उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात माणसं होती.

रमाबाईंच्या धर्मांतरावरून तेव्हा पुण्यात रान पेटलं होतं, आणि आजही मुक्तीचं नाव निघालं की बोलणं तिकडेच वळतं. मला इथे त्यातली निवाऱ्याची बाजू महत्त्वाची वाटते. रमाबाईंनी आधी छप्पर दिलं, तेही सरकारी मापाची वाट न पाहता. पण छप्पर देऊन त्या थांबल्या नाहीत, त्याच आवारात रोजगार आणि शिक्षण आणलं. २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानातही निवाऱ्याला रेशन, आरोग्य, ओळखपत्र जोडण्याची कलमं होतीच, ती कागदावर वाचायला छान वाटतात. केडगाव स्टेशन दौंडपासून लोकल गाडीच्या अंतरावर आहे.

आता भाडेकरूंकडे वळू, कारण या पट्ट्यात उघड्यावर झोपणाऱ्यांपेक्षा कधीही उघड्यावर येऊ शकणारे कितीतरी जास्त आहेत. रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढली तशी कारेगाव, रांजणगाव, सणसवाडी या गावांत ज्याची जमीन रस्त्याला होती त्याने खोल्या काढल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा किंवा स्लॅब, ओळीच्या टोकाला सामाईक संडास. विजेचा मीटर एक, तो मालकाच्या नावावर, खोल्यांना सबमीटर, आणि युनिटचा दर मालक सांगेल तो. विदर्भ-मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातली कंत्राटी पोरं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. एक पाळीवरून आला की दुसरा उठून जातो, गादी रिकामी राहत नाही. ठेकेदाराने काम बंद केलं की महिन्याचं भाडं थकतं, आणि भाडं थकलं की कुलूप बदलतं.

कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून. कलम ५५ सांगतं, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की करार लिहून देणारेही ती बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात ती चूक आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे आणि पाणी, वीज तोडून भाडेकरूला हुसकावणं हा गुन्हा आहे.

या कायद्याला दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे तो सरसकट सगळ्या राज्याला लागू नाही. परिशिष्टात ज्या क्षेत्रांची नोंद आहे त्यांना, आणि जुन्या भाडे कायद्यांखाली जी होती त्यांना तो लागू. नगरपरिषदेची वेस ओलांडली की आपलं गाव त्यात येतं का, हे आधी शोधावं लागतं. दुसरं भोक लिव्ह अँड लायसन्सचं. हा करार केलेला माणूस भाडेकरूच नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट ताबा मागता येतो आणि राहिलेल्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. शहरातल्या फ्लॅटसाठी हे ठीक असेल. जुन्या कायद्याने गोठवलेली भाडी अन्यायाची झाली होती हेही खरं, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं होतं. पण मालकाला दिलेली ही सोय कारखान्याच्या दारातल्या चाळीत आली की पोराच्या हातात उरतं काय?

गंमत अशी की पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याबाबत मालक जागरूक असतात, कारण त्याचे आदेश निघतात आणि कारवाई होते. आधारची झेरॉक्स, फोटो, मूळ गाव, सगळं ठाण्यात जमा होतं. म्हणजे भाडेकरूचा कागद सरकारला मिळतो, भाडेकरूला कागद मिळत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळं उघडं पडलं. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये असा आदेश काढला. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. ज्याच्याकडे करार नाही, पावती नाही, त्याने हा आदेश कुणाच्या तोंडावर धरायचा होता? माणसं रस्त्याने चालू लागली. मग जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. सरकारची रिकामी घरं दुरुस्त करून भाड्याने द्यावीत, किंवा कारखानदार, संस्था यांनी स्वतःच्या जागेत बांधावीत, आणि ती २५ वर्षं भाड्यानेच द्यावीत. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. रांजणगाव-कुरकुंभसाठी जणू मापून शिवलेली ही योजना. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना भूखंड देताना कामगारांच्या राहण्याची जागा सोबत मागितली असती, तर आज गावागावांतल्या खोल्यांवर सगळा भार पडला नसता, असं माझं मत आहे.

उरला तो खरोखर उघड्यावरचा माणूस. दौंडच्या फलाटावर किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर झोपणाऱ्याला आपलं राज्य कोणत्या कायद्याने ओळखतं? मुंबई भीक प्रतिबंध कायदा, १९५९. उपजीविकेचं दिसेलसं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबणं, एवढंही या कायद्याखाली भीक मागण्यात मोडू शकतं. विनावॉरंट पकडता येतं आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात ती जिवंत आहेत. दौंडहून नगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विसापूर लागतं, तिथे असं भिक्षेकरी गृह आहे. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत पकडलेल्यांना तिथेच पाठवलं होतं. तिथून नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलेल्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला आणि प्रकरण गाजलं. निवारा द्यायला लाखाचं माप आहे, पकडायला कसलंच नाही.

रेल्वेच्या गावात आणखी एक भीती असते, रुळांलगतच्या झोपड्या हटवण्याची. सुरतच्या वस्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हटवलेल्या प्रत्येक झोपडीमागे सहा महिने दरमहा दोन हजार रुपये द्यायला लावले आणि घराच्या योजनेकडे बोट दाखवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझरबाबत दिलेल्या निकालात पंधरा दिवसांच्या नोटिशीचं बंधन घातलं. पण त्याला अपवाद ठेवले: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीकाठ. गरीब माणसाला दुसरीकडे जागा मिळतेच कुठे?

घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बळ घटकांचं हितरक्षण ही नगरपालिकेची कामं म्हणून लिहिली आहेत, १९९३ पासून. त्यात लाखाची अट नाही. लाखाचं माप बदलणं दिल्लीच्या हातात असलं तरी पौषातल्या एका रात्री स्टेशन, स्टँड, बाजारतळ, पुलाखालची जागा फिरून माणसं मोजायला नगरपरिषदेला कुणाची परवानगी लागत नाही. शिरूर-दौंडच्या नगरसेवकांनी हा ठराव सभेत आणावा, आणि साखर कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी टोळ्यांच्या तळावर पाणी आणि संडास द्यावेत. 

आणि खोल्या काढलेल्या वाचकांना एक विनंती: करार नोंदवा, महिन्याची पावती द्या. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आणि ग्रामीण भागात तिची फी ५०० रुपये आहे.