सोल्युशनची डबी टपालात घालू नका

शेतात ठिबक करायचे म्हणजे पीव्हीसीचे पाइप जोडावे लागतात. जोडाला लावायला डबीतला पातळ डिंक लागतो. आपण त्याला सोल्युशन म्हणतो. पंक्चर काढणारा आणि चपला दुरुस्त करणारा, हेही तसलेच सोल्युशन वापरतात.

ही डबी नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारात मिळते. पण कधी मनात येते, पुण्याच्या पाहुण्याला सांगू, तो टपालाने पाठवून देईल. थांबा! तसे करू नका.

का बरे? बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. पिठाची खळही पाण्यातच शिजते. पाणी काही पेटत नाही. सोल्युशन मात्र पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या द्रवात केलेले असते. झाकण उघडले की उग्र वास येतो. तो वास म्हणजे त्या द्रवाची वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते आणि भडका उडतो. त्याला कडक ऊनच लागते असे नाही. कित्येक सोल्युशनांची वाफ 23 अंशांच्या खालीही ठिणगीने पेटते. जुन्नरला थंडीतल्या दुपारीही याहून जास्त ऊब असते.

आता अशी डबी टपालाच्या पिशवीत आहे असे समजा. पिशवीवर पिशवी पडते. डबी चेपते, झाकण सैल होते. त्याच पिशवीत कुणाची औषधे असतात, कुणाचे नोकरीचे कागद असतात. लांबचे टपाल विमानातही चढते. उंचावर हवेचा दाब कमी होतो. मग सैल झाकणातून द्रव गळतो. विमानात आग लागली तर पळणार कुठे?

3 नोव्हेंबर 1973 रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मालाचे एक विमान कोसळले. त्यात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या लाकडाच्या भुशात बांधल्या होत्या. आम्ल गळून भुशाशी मिसळले आणि धूर झाला असावा, असे चौकशीत निघाले. विमानातले तिघेही गेले. ते आम्ल होते, डिंक नव्हे. पण धोक्याचा माल चुकीचा बांधला, तर काय होते ते यावरून कळते.

म्हणूनच कायदा आहे. 1898 च्या टपाल कायद्यात धोक्याच्या वस्तू पाठवायला मनाई होती. 18 जून 2024 पासून नवा कायदा लागू झाला. मनाई आजही आहे.

मग सोल्युशन आणावे कसे?

1. होता होईल तो जवळच्या दुकानातून घ्यावे. झाकण घट्ट लावावे. डबी उभी ठेवून आपल्या गाडीवरून आणावी. एस.टी.त नेऊ नये.

2. मोबाईलवरून मागवले, तर विकणाऱ्याने ते रस्त्याने, पक्क्या वेष्टनात पाठवले पाहिजे. टोकावर उभा लाल चौकोन आणि त्यात ज्वाळेचे चित्र, ही पेटणाऱ्या द्रवाची खूण. पेटणाऱ्या डिंकाचा जगभरचा क्रमांक 1133 आहे.

3. डबी गळकी निघाली, तर टपालाने परत धाडू नये. आधी विकणाऱ्याला कळवावे.

4. पांढरा डिंक पाण्यातला असतो. तोही पाठवण्याआधी टपाल कचेरीत विचारावे.

खिडकीवरचा बाबू विचारतो, "आजोबा, पुडक्यात काय आहे?" राग धरू नका. खरे सांगा. ते पुडके उद्या आपल्याच पोस्टमनच्या खांद्यावर असणार आहे.