डिकी भरण्यापूर्वी

मे महिन्याची अखेर जवळ आली, की सह्याद्रीच्या कुशीतील जलाशयांचे काठ तंबूंनी गजबजू लागतात. भंडारदऱ्याचा जलाशय हे त्यांतील अनेकांच्या परिचयाचे ठिकाण. वळिवाच्या सरी पडल्या, की तेथील हिरडा-सादड्याच्या झाडांवर काजव्यांची आरास लागते आणि ती पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिक येथून कुटुंबेच्या कुटुंबे अकोले तालुक्याची वाट धरतात. अशा अनेक ठिकाणी आता गाडी थेट तंबूपर्यंत जाते. त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान मुलेही मोकळ्या आकाशाखाली एक रात्र काढू शकतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मात्र याच सोयीमुळे सामान भरण्याची शिस्त सैल होते. पाठीवर वाहायचे ओझे असले, की माणूस प्रत्येक वस्तूचा विचार करतो. डिकी मोठी असली, की खुर्च्या, गाद्या आणि स्पीकर आधी आत जातात व औषधांची पिशवी त्यांच्या तळाशी दडपली जाते. शिवाय गाडी म्हणजे तंबूशेजारचे कपाटच, असा समज होतो. प्रत्यक्षात उन्हात उभी असलेली बंद गाडी ही कपाट नसून भट्टी असते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना तिच्या आतील तापमान अर्ध्या तासात ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. म्हणून प्रत्येक वस्तू हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत : ही वस्तू दिवसभर भट्टीत राहिली तर चालेल का? आणि रात्री दोन वाजता, अंधारात, ती हाताला लागेल का?

भट्टीत न चालणाऱ्या वस्तू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू गाडीत ठेवू नये. इन्सुलिन हे याचे ठळक उदाहरण. वापरात असलेले इन्सुलिन साधारणपणे २५ ते ३० अंशांपर्यंत टिकते. गाडीच्या कप्प्यात राहिले तर त्याचा गुण कमी होतो आणि बाटली पाहून ते ओळखता येईलच असे नाही. रुग्ण नेहमीचा डोस घेतो, तरीही साखर वाढत जाते. इन्सुलिन बर्फाला चिकटूनही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. कापडात गुंडाळून डब्यात घालावे आणि तो डबा थंड पेटीत, बर्फापासून दूर ठेवावा. दम्याचा पंपही उष्णतेपासून जपावा; त्यातील वायू दाबाखाली असतो. आणि सांगावयास नको असे वाटले तरी सांगतो : झोपलेल्या बाळाला ‘पाचच मिनिटे’ म्हणून बंद गाडीत कधीही ठेवू नये.

अन्नाचेही तसेच. शिजवलेला भात, ओल्या नारळाची चटणी, पनीर, क्रीमचा केक हे पदार्थ उन्हाळ्यात तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर राहू नयेत. दशम्या, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिवडा आणि आयत्या वेळी कापण्याची काकडी-कलिंगडे ही आपली जुनी शिदोरीच येथे उत्तम. पिण्याच्या पाण्यासाठी माणशी दिवसाला किमान तीन लिटर असा हिशेब धरावा. चौघांच्या कुटुंबाने २० लिटरचा एक जार नेला, तर दिवसभराचे पिणे आणि थोडे हात धुणे भागते. जलाशयाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये.

रात्री हाताशी लागणाऱ्या वस्तू

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी एक वेगळी पिशवी भरावी आणि ती तंबूतच, उशापाशी ठेवावी. तीत माणशी एक विजेरी, जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जखमेसाठी मलम व पट्ट्या, घरातील प्रत्येकाची रोजची औषधे आणि एक चिठ्ठी असावी. चिठ्ठीवर मुलांचे वजन, त्यानुसार आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला तापाच्या औषधाचा डोस आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते लिहावे. जलसंजीवनी संपली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा.

पायांत बंद बूट हवेतच, आणि ते सकाळी झटकूनच घालावेत. विंचवाला असा आडोसा आवडतो. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम येणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही धोक्याची लक्षणे होत. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. परंतु ते रुग्णालयातच द्यावयाचे औषध आहे.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंशाच्या जागी वेदनाही नसते. पहाटे कोणाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे वा गिळणे अवघड झाले, तर ‘जागरण झाले असेल’ म्हणून थांबू नये. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू हा सर्वांत सोपा बचाव. दंश झालाच, तर दोरी आवळू नये, जखम कापू नये; तो अवयव न हलवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कोळशाची शेगडी मात्र तंबूत मुळीच नेऊ नये. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणेही तितकेच घातक.

गाडीचा खरा उपयोग

मग दारात उभ्या असलेल्या गाडीचा लाभ कोणता? रुग्णालय गाठण्याचा. निघण्यापूर्वीच जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, तेथे सर्पदंशावरील लस आहे का, रस्ता कोणता, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. रेंज असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. मुक्कामी पोहोचल्यावर गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ती उभी करावी, टाकीत पुरेसे इंधन असावे, किल्लीची जागा घरातील सर्व मोठ्यांना ठाऊक असावी आणि गाडी चालवू शकणाऱ्या एकाने तरी त्या रात्री मद्याला स्पर्श करू नये. एवढे केले, की उरलेल्या जागेत खुर्च्या, गाद्या, हवे ते खुशाल भरावे.