दांपत्याची एक मोटार आणि ‘नो क्लेम बोनस’ : मालकीच्या नावाचा प्रश्न

प्रस्तावना

मोटार विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत वाहनधारकांच्या परिचयाची आहे. वर्षभरात नुकसानभरपाईचा दावा केला नाही तर पुढील वर्षीच्या हप्त्यात सूट मिळते, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु ही सूट नेमकी कोणाची, याविषयी अनेक कुटुंबांत गैरसमज आढळतो. पती-पत्नी एकच मोटार वापरीत असतील तर सूट ‘गाडीची’ किंवा ‘घराची’ आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः ती विमापत्र ज्याच्या नावावर आहे त्या व्यक्तीची असते. या तत्त्वाचे दांपत्याच्या व्यवहारावर कोणते परिणाम होतात आणि साठलेली सवलत कशी राखता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सवलतीचे स्वरूप

भारतात या सवलतीची चौकट २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमधील सर्वसाधारण नियम २७ ने घालून दिली. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, तरी बोनसची श्रेणी व्यवहारात तीच राहिली. दाव्याविना पहिले वर्ष गेल्यास २० टक्के आणि त्यानंतर अनुक्रमे २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी ती चढत जाते. ही सूट केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. शासनाने ठरविलेल्या थर्ड पार्टी हप्त्यावर नाही. बोनस मूळ विमाधारकाबरोबर जातो, वाहनाबरोबर किंवा विमापत्राबरोबर नव्हे, असे हा नियम स्पष्टपणे सांगतो.

आपल्याकडे विमा वाहनाचा असतो व वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने ते चालवू शकते. त्यामुळे मोटार पतीच्या नावावर आणि रोज चालविणारी पत्नी, अशी स्थिती असली तर तिच्या निर्दोष वाहनचालनाचे श्रेय पतीच्या खात्यात जमा होते. उलट तिच्या हातून बंपर चेपला व दावा केला, तर पतीचाच बोनस शून्यावर येतो.

दावा करावा की करू नये

यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. सवलतीपूर्वीचा स्वनुकसानीचा हप्ता दरवर्षी १२,००० रुपये आहे व बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे, असे समजा. म्हणजे प्रत्यक्षात ६,००० रुपये भरावे लागतात. एक दावा केला की पुढील वर्षी पूर्ण १२,००० रुपये, नंतर क्रमाने ९,६००, ९,०००, ७,८०० व ६,६०० रुपये भरून सहाव्या वर्षी हप्ता पुन्हा ६,००० वर येतो. जादा भरलेली रक्कम ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६०० म्हणजे एकूण १५,००० रुपये होते. वाहनाचे मूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरीही सवलतीपूर्वीच्या एका वर्षाच्या हप्त्याच्या सुमारे सव्वापटीहून लहान दुरुस्तीसाठी दावा करणे तोट्याचे ठरते, हे यातून दिसते. शिवाय प्रत्येक दाव्यातून अनिवार्य वजावट होतेच. बोनस सुरक्षित ठेवणारे पूरक संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. परंतु त्यात किती दावे चालतात हे विमापत्रात वाचूनच ठरवावे.

दोन मोटारींची एक होते तेव्हा

विवाहापूर्वी दोघांच्या स्वतंत्र मोटारी असतील आणि त्यांपैकी एक विकली गेली, तर ती विकणाऱ्याचा बोनस आपोआप नाहीसा होत नाही. विक्रीनंतर विमा कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घ्यावे. मागील विमा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याच व्यक्तीने त्याच वर्गाचे वाहन घेतले तर ते उपयोगी पडते. ‘त्याच वर्गाचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुण्यासारख्या शहरात अनेक स्त्रियांच्या नावावर वर्षानुवर्षे दावा न केलेली स्कूटर असते. परंतु दुचाकीचा बोनस मोटारीला लागू होत नाही.

दोघांचे बोनस एका मोटारीवर एकत्र करता येत नाहीत. तसेच पतीचा ५० टक्के बोनस पत्नीच्या नावावर घेतलेल्या नव्या मोटारीला लावता येत नाही. ‘घरातलीच गाडी आहे’ असे म्हणून अर्जावर तसे लिहून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. बोनसविषयीचे घोषणापत्र खोटे आढळल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे सर्व लाभ गमवावे लागतात. म्हणजे काही हजार वाचविताना मोटारीची पूर्ण किंमत पणाला लागते. चालू मोटार पतीने पत्नीला भेट देऊन आरटीओत नाव बदलले, तरी सवलत पत्नीच्या स्वतःच्या पात्रतेनुसारच मोजली जाते व फरक वसूल होतो.

मोटार कोणाच्या नावावर असावी

एकच मोटार ठेवणाऱ्या दांपत्यात सामान्यतः एकाचाच बोनस जिवंत राहतो. म्हणून ज्याचा बोनस मोठा त्याच्या नावावर मोटार, हे उत्तर सरळ वाटते. पण ते पुरेसे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त परवानाधारक नोंदणीकृत मालकालाच मिळते. मोटार पतीची व चालविणारी पत्नी असेल, तर अपघातात तिला या संरक्षणाचा लाभ नाही. तिच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जी व्यक्ती प्रामुख्याने मोटार चालविते तिच्या नावावर ती पहिल्यापासून असणे इष्ट. पाच वर्षांनी नाव बदलणे महाग पडते.

परदेशातून परतणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एक तरतूद उपयोगी आहे. तेथील विमा कंपनीचे प्रमाणपत्र असल्यास, तो विमा संपल्यापासून तीन वर्षांच्या आत येथे विमा उतरविल्यावर बोनस मान्य होऊ शकतो. येथेही प्रमाणपत्र ज्याच्या नावाचे, सवलत त्याचीच.

खंड, मृत्यू आणि विभक्तता

विमापत्राची मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही, तर साठलेला बोनस जातो. नेमकी ही मुदत घरातील दुःखाच्या काळात हुकते. विमाधारकाचा मृत्यू झाल्यास विमापत्र लगेच रद्द होत नाही. मृत्यूच्या दिनांकापासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ते चालू राहते. त्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला, वाहनावरील हक्काचा पुरावा व मूळ विमापत्र जोडून हस्तांतरणासाठी अर्ज करावयाचा असतो. वाहनाचा ताबा व वापर पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेल्यास मृताचा बोनसही त्यांच्याकडे जातो. ‘व्यक्तीची सवलत’ या तत्त्वाला कुटुंबासाठी ठेवलेला हा अपवाद आहे. पतीच्या पश्चात मोटार चालविणाऱ्या पत्नीने तो नूतनीकरणाच्या वेळी स्वतः मागावा. कारण नवे विमापत्र सरळ तिच्या नावे काढले, तर हप्ता शून्य बोनसने आकारला जाण्याचा संभव असतो.

या अपवादात घटस्फोटाचा उल्लेख नाही. तडजोडीत मोटार पत्नीकडे आली तरी तिची पात्रता तिच्या स्वतःच्या नावावरील विम्यावरूनच ठरते, मग मागील पंधरा वर्षे ती मोटार तिनेच चालविलेली का असेना.