पिकअपची उंची वाढविण्यापूर्वी



पावसाळ्यात पाणंदीची चाकोरी खोल जाते, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो आणि भाजीपाला भरलेली पिकअप अडकून बसते. मग गाडी उंच करून घेण्याचा विचार घरात सुरू होतो. त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे खर्चापूर्वी समजून घ्यावे.

पोट वर जाते, गोळा नाही

कमानपाट्यांपासून उंची वाढविली म्हणजे चेसिस, डिझेलची टाकी व हौदा वर जातो. मागच्या आसाचा गोळा मात्र चाकांबरोबर होता तेथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे हवेत. व्यास 2 इंच वाढला तर गोळा 1 इंच वर येतो, पण गाडीची ओढ कमी पडते. शिवाय आपल्या बहुतेक पिकअपची मागची दोनच चाके ओढतात. उंचीने त्यांची चिखलातील पकड वाढत नाही. जागीच फिरणारी चाके गाडी उंच करूनही जागीच फिरतात.

काम कसे करतात?

1) मागचा आस पाट्यांच्या खाली असल्यास दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा बसवितात. ठोकळा एकच असावा. एकावर एक रचू नयेत, लाकडी तर मुळीच नको. पुढच्या आसाला ठोकळा लावू नये. यू-बोल्ट नवे व लांब घ्यावेत आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळावेत.

2) लांब शॅकल लावतात. शॅकल 2 इंच लांब केले तर उंची सुमारे 1 इंचच वाढते.

3) जादा पाटा घालतात. त्याने कमान ताठ होते, पण आस, ब्रेक व टायर तेच राहतात. म्हणून जादा माल भरू नये. रिकामी गाडी दणके देते. हलक्या भाराच्या टोमॅटो-द्राक्षांनाही मार बसतो.

हे तपासून घ्या

ब्रेकचे रबरी पाइप ताणलेले नसावेत. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की तो भरलेल्या गाडीलाही रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो नव्याने जुळवून घ्यावा. प्रोपेलर शाफ्टचा कोन, शॉकअबची लांबी, व्हील अलाइनमेंट व हेडलाइटचा झोतही पाहावा.

खरा धोका

गाडी जितकी उंच, तितकी बांधावर व वळणावर कलंडण्याची भीती जास्त. मजूर बायामाणसे हौद्यात बसवून नेण्यास कायद्याने मनाई आहे. उंच केलेल्या गाडीत ते जिवावरच बेतेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे.

आधी हे करा

बसलेले जुने पाटे बदला, म्हणजे गेलेली मूळ उंची परत मिळेल. मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर घाला. चाकोरीत मुरूम भरा, बाजूने चर काढून पाणी वळवा. जमिनीला वाफसा नसेल तर गाडी शेतात न घालता माल बांधापर्यंत बैलगाडीने आणा. एवढ्यावरही पोट घासत असेल, तरच इंच-दीड इंचाचा विचार करावा.